लाजेचा तुकडा

साबेलाने मंडईच्या दारात छत्री उघडली मात्र, ब्राइस खाली घुसलासुद्धा. विचारणं नाही की काही नाही! केसांतून पाणी निथळतंय आणि हातातला अंड्यांचा खोका मात्र तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला.

"वेशीपर्यंतच सोड. अंडी भिजतील गं."

"भिजू देत की. सोलून थोडीच आणलीयस?"

"मग मी भिजेन असं समज."

"तू काही विरघळत नाहीस," ती म्हणाली. पण छत्री त्याच्याकडे जरा... थोडीशीच... झुकलीच.

उत्तर स्पेनमधल्या लुगोतला पाऊस तो! दिवसभर नुसता भुरभुरत राहतो, जाता जात नाही. त्या दिवशी तो जाऊच नये, असं साबेलाला वाटत होतं. सप्टेंबरपासून दोघं मोन्चाबाईंच्या खंजिरीच्या वर्गात होती. ब्राइसला ताल म्हणून कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण चुकला की असा हसायचा की साबेलाचाच ठोका चुकायचा. उद्या नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा वर्ग. उद्या वाजवणं कमी आणि खाणं जास्त. प्रत्येकाने घरून काहीतरी सोपं करून न्यायचं, सगळ्यांनी मिळून खायचं.

"तू काय आणणार?"

"तोर्तिया. बटाटे, अंडी, तेल, मीठ..."

"आणि तिथेच थांबायचं हं! कांदा घालणाऱ्या माणसांचं मला काही कळतच नाही."

"कांद्याशिवाय तोर्तिया म्हणजे पथ्याचं जेवण!"

"इरियासुद्धा म्हणते, कांदा नको."

इरिया! वर्गातली तालाची पक्की, आणि हल्ली सदा ब्राइससोबत. साबेलाच्या कपाळावर आठी चढली. "तुझं काय मग? ही अंडी?"

"इरियाच्या एंपनाद्याला हवीत. पारीवर अंड्याचा हात फिरवायला. बरं, पळतो. ती थांबलीय."

खरंच थांबली होती. वेशीच्या कमानीखाली, बगलेत दोन खंजिऱ्या घेऊन. ब्राइस धावत गेला. दोघं जुन्या तटाच्या आडोशाला वळली आणि वळता वळता इरियाने त्याचं मनगट धरलं. चक्क धरलं! साबेला छत्री घेऊन तिथेच उभी. एक बाजू रिकामी, कोरडी.

घरी येऊन तिने कांदे काढले. एक चिरला, दुसरा चिरला, तिसराही घेतला. नको ना कांदा? घे!

"कोणाला रडवायचंय एवढं?" आईने विचारलं.

"कोणाला नाही."

"मग स्वतः कशाला रडतेयस?"

"कांद्याने गं, आई!"

अंड्या-बटाट्यांचा जाड थर कढईत एका बाजूने भाजला. साबेलाने कढईवर ताटली पालथी घातली, श्वास रोखला आणि एका झटक्यात तोर्तिया उलटला. सोनेरी, गुबगुबीत, जरासुद्धा न मोडलेला. राग आला की तिचा हात असा नेमका चालायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीवरच्या वर्गाच्या खोलीत टेबल गच्च भरलं. चीज होतं, टोमॅटो चोळलेला पाव होता, कोणीतरी गोड धिरडी आणली होती. मधोमध साबेलाचा तोर्तिया आणि त्याच्या शेजारीच इरियाचा माशाचं सारण भरून भट्टीत भाजलेला एंपनादा. दुसरीकडे जागाच नव्हती जणू!

आता या वर्गाची एक रीत होती. ताटलीतला शेवटचा तुकडा कुठेच कोणी उचलत नाही, तो लाजेचा तुकडा. पण मोन्चाबाईंकडे तो उचलला, तर करणाऱ्याला उद्देशून चार लोकांसमोर कडवं गायचं, तेही तिथल्या तिथे रचून. कौतुकाचं गा नाहीतर टोमण्याचं. त्यामुळे लाजेचे तुकडे बिचारे वाळून जायचे.

साबेला ब्राइसवर डोळा ठेवून होती. त्याने चीज खाल्लं, धिरडी खाल्ली, एंपनादा तर दोनदा घेतला आणि बोटंसुद्धा चाटली. तोर्तियाला मात्र हात लावला नाही. वर इरियाच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि ती खुदकन हसली. साबेलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एंपनाद्याचा एकच तुकडा उरला होता. तिने तो उचलला.

"अरे वा!" मोन्चाबाईंनी टाळी वाजवली. "होऊन जाऊ दे, साबेला!"

साबेलाने खंजिरी घेतली. जीभ तर तिची आधीच परजलेली होती.

*सारण भरलंस झकास, कडा वळल्यास गोड,*
*तटाआड कुजबुजायची कधी लागली गं खोड?*

खोलीत हशा उसळला, शिट्ट्या झाल्या. इरियाचं तोंड लालबुंद झालं. तिने ब्राइसकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि डोळे पुसले. साबेलाला वाटलं होतं, आता कसं गार वाटेल. कसलं गार?

तेवढ्यात ब्राइस उठला. तोर्तियाचाही एकच तुकडा राहिला होता. त्याने तो बोटांनी उचलला, अख्खा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून चावला. कांद्यासकट.

"खंजिरी दे," तो इरियाला म्हणाला.

इरियाने दिली. आणि रागावलेली असूनही बोटांनी टेबलावर ठेका धरला, हळूच, त्याला सावरून घेण्यासाठी. त्याचं मनगट तिच्या ठेक्याबरोबर वळत होतं. काल तिने धरलेलं तेच मनगट... शिकवल्यासारखं. तटाआड हेच चाललं होतं तर!

*अंडी घेतली, पाऊस आला, विसरून आलो छत्री,*
*साबेला, तू हो म्हणशील... याची नाही खात्री.*

शेवटच्या ओळीला ताल सुटलाच. कोणी हसलं नाही.

"हे एवढं बसवायला आठवडा गेला," इरिया नाक ओढत म्हणाली. "दगडाला ताल आला असता एव्हाना! तुकडा शेवटचा उरेपर्यंत हात लावायचा नाही, हेही मीच बजावलं होतं. आणि वर मलाच बोलणी!"

साबेलाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती सरळ इरियाकडे गेली.

"चुकले मी. मेल्या मत्सराने डोळेच फुटले होते माझे."

"फुटलेच होते," इरिया म्हणाली. मग जरा थांबून, "पुढच्या वेळी अख्खा तोर्तिया माझा. बिनकांद्याचा."

"कबूल."

"आणि त्याला उत्तर कोण देणार?" मोन्चाबाईंनी विचारलं. "रीत आहे बाई, कडव्याला कडवं!"

साबेलाने खंजिरी उचलली. टोमण्याला लगेच धावणाऱ्या शब्दांतला आता एकही हाताशी येईना. ब्राइस समोर उभा, ओठाला कांद्याचा काप चिकटलेला, घाबरलेला.

"हो," ती म्हणाली. नुसतंच.

"यमक कुठाय?" कोणीतरी ओरडलं.

"नाही सुचत!" साबेला जवळजवळ किंचाळली आणि मग स्वतःच हसत सुटली.

दोघं खाली उतरली तेव्हा पाऊस तसाच भुरभुरत होता. तिने छत्री उघडली. तो खाली आला, या वेळी हळूच, विचारल्यासारखा.

"कांदा कसा होता?"

"भयंकर."

"मग आता रोज घालणार." ती दोन पावलं चालली आणि थबकली. "काल छत्री खरंच विसरला होतास?"

ब्राइसने तिच्या हातावर हात ठेवून छत्री दोघांच्या मधोमध सरळ केली.

"लुगोत छत्री विसरून कोणी घराबाहेर पडतं का गं?"