चार बोटं सैल

असं समजा हं पोरांनो, की दिवाळी नुकतीच सरली आहे आणि दुपारच्या वेळी तुम्ही आरे कॉलनीच्या कडेला, एका विद्यापीठाच्या आवारात उभे आहात. हवा थांबलेली. पान हलत नाही. रेडिओवर सकाळपासून सांगताहेत – अरबी समुद्रात वादळ उठलंय, रात्री किनाऱ्याला थडकेल. कुणी खिडक्यांना फळ्या ठोकतंय, कुणी प्रयोगशाळेतल्या बरण्या वरच्या मजल्यावर नेतंय. आणि ग्रंथालयामागे, सातविणीच्या, म्हणजे सप्तपर्णीच्या, एका कोवळ्या झाडाला शिडी लावून एक मुलगा कोयता उगारतोय. खाली एक मुलगी हात पसरून उभी!

“खाली उतर आधी!”

“तू बाजूला हो आधी. फांदी डोक्यात पडली तर मला बोलू नकोस.”

ही क्षमा. मुलुंडची, वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. या सातविणीच्या चाळीस फुलगुच्छांना तिने लाल लोकर बांधली होती. कुठल्या गुच्छावर कोणते किडे येतात, याची नोंद ती दोन महिने ठेवत होती. आता फक्त आठ दिवस उरले होते.

आणि तो दत्ताराम. भूगोलाचा विद्यार्थी. ‘कमवा आणि शिका’ योजनेत बागेत राबायचा, म्हणून वसतिगृहात राहायला मिळायचं. गिरणी बंद पडल्यावर त्याचे वडील वेंगुर्ल्याला परतले होते. बागेचं काम गेलं की वसतिगृह गेलं, आणि वसतिगृह गेलं की शिक्षणही.

“राजारामकाकांनी सांगितलंय, ग्रंथालयाजवळचं प्रत्येक झाड छाटायचं,” तो म्हणाला. राजारामकाका म्हणजे बागेचे मुख्य माळी.

“आठ दिवस दे ना रे…”

“मी देतो गं. वादळाला कोण सांगणार?”

क्षमा नुसती बघत राहिली. दत्तारामने कोयता कमरेला खोचला आणि खाली उतरला.

मग त्याने तीन खुंट ठोकले. बुंध्याला गोणपाट गुंडाळून सुंभाचे दोर बांधले.

“एवढे सैल?”

“आमच्याकडे माडाची रोपं अशीच बांधतात. दोरात चार बोटं शिरली पाहिजेत. झाडाला डुलू द्यायचं असतं. घालून बघ.”

तिने बोटं घातली.

“तुझी बोटं बारीक आहेत,” तो हसला. “माप चुकतंय.”

“मग तुझी घाल!”

त्याने घातली. दोरात दोघांची बोटं कशीबशी मावली… पण बाहेर काढायला दोघांनीही जरा वेळच लावला.

संध्याकाळी बस पकडण्याआधी क्षमा पुन्हा तिथे गेली. वारा सुटला होता. सातवीण वेड्यासारखी झुलत होती, आणि दोर सैलच! तिने तीन काठ्या शोधल्या, एकेक दोरात घालून पीळ दिला, दोर ताठ केले आणि काठ्या सुटू नयेत म्हणून लाल लोकरीने बांधून टाकल्या. मगच ती निवांत मनाने घरी गेली.

सकाळी ती आली तेव्हा आवारभर पत्रे, काचा, मोडक्या फांद्या. सातवीण आडवी झाली होती. वाऱ्याकडचा खुंट उपटला होता, आणि समोरच्या ताठ दोरांनी झाडाला सरळ खाली ओढलं होतं. शेंडा ग्रंथालयाच्या खिडकीत घुसलेला.

“छाट म्हणून सांगितलं होतं!” राजारामकाका दत्तारामवर ओरडत होते. “आणि वर दोराला पीळ देतोस? कोकणातला ना तू? आज साहेब योजनेतून तुझं नाव कापणार, मेल्या!”

दत्तारामने वाकून दोरांतल्या काठ्या बघितल्या. त्यांच्यावरची लाल लोकर अलगद सोडवून मुठीत लपवली.

“चुकलं, काका,” एवढंच तो म्हणाला.

क्षमाने ते पाहिलं. गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं…

“काका, पीळ मी दिला. छाटू नको असंही मीच म्हटलं होतं.”

काका तिच्याकडे वळले. “साहेबांना सांगशील?”

“लिहून देते.”

तिने वहीचं पान फाडून तिथेच लिहिलं. काका ते घेऊन गेले आणि थोड्या वेळाने परत आले. “नाव राहिलं त्याचं. खिडकी मात्र तुम्ही दोघांनी नीट करायची. आणि या झाडाची एका बाजूची मुळं शाबूत आहेत, उभं राहील. पण डोकं हलकं करायला हवं.”

डोकं म्हणजे चाळीसही गुच्छ. दत्तारामचा कोयता काही उठेना. मग क्षमानेच तो त्याच्या हातातून घेतला आणि पहिली फांदी स्वतः छाटली.

दुपारपर्यंत बोडकी सातवीण उभी राहिली. मुळांशी माती दाबता दाबता तिने विचारलं, “गप्प का बसलास रे?”

“तुला बोल लागला असता, तर तू इथे यायची थांबली असतीस.” तो मातीकडे बघत होता. “तू रोज ग्रंथालयात येतेस ना… मी या बाजूचं झाडणं मागून घेतलंय. जूनपासून.”

“जूनपासून? तेव्हा तर फुलंही नव्हती!”

“मी कुठे फुलांसाठी झाडत होतो?”

क्षमा लाजली नाही, चक्क हसली. “पडलेल्या झाडाला पालवी कशी फुटते, तेच आता लिहीन म्हणते. वर्षभर यावं लागेल.”

“झकास!”

“ती लोकर दे इकडे. आणि हात पुढे कर.”

“ए, मनगटाला नको हं!” तो दोन पावलं मागे सरला. “राखी झाली तर वाट लागेल माझी!”

मग त्या पोरीने काय केलं, माहीत आहे? ती पुढे झाली, आणि ती लाल लोकर तिने त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणाला बांधली. सैलच, पण सुटणार नाही अशी.