मधल्या खोलीची बेल

एका घराची दोन घरं करायची होती, म्हणून मला बोलावलं होतं. आम्हा वायरमन लोकांना हे काम नेहमीचंच. जुनी सर्व्हिस वायर काढायची, जाड टाकायची, लोड वाढवून घ्यायचा, दोन मीटर, दोन बोर्ड. भाऊ दोन, स्वयंपाकघरं दोन. आई मात्र एकच, आणि ती मधल्या खोलीत. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.

"मधली खोली कुणाच्या मीटरवर घेऊ?" मी विचारलं.

"त्याच्या," थोरला म्हणाला.

"दादाच्या," धाकटा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक दिवा आणि एक पंखा, एवढाच त्या माउलीचा लोड! तिने काय अंधारात बसायचं?

पण मी तरी कुठल्या तोंडाने ओरडणार? गेल्या वर्षी यांचे वडील त्याच खोलीत अंथरुणाला खिळले होते. उशाशी बेलचं बटण होतं. बेल वाजली की हा म्हणायचा तो जाईल, तो म्हणायचा हा जाईल. शेवटी बेलचाच त्रास होतो म्हणून दोघांनी मला बोलावलं. जन्मात तेवढं एकच काम त्यांनी एकमताने केलं असेल. मीही मुकाट्याने वायर कापून निघून गेलो, आत डोकावलोसुद्धा नाही. आठव्या दिवशी ते गेले. बोट बटणावरच होतं म्हणे.

तर, दुपारी मी मेन फ्यूज काढून खिशात घातला. ही माझी सवय, म्हणजे कुणी शहाणा मध्येच चालू करत नाही. जुनं वायरिंग उपसून अंगणात ढीग केला. ती बेलही त्यातच फेकली. पंखे बंद, घरभर धूळ आणि जुन्या रबराचा वास.

आणि बेल वाजली.

ढिगातून वाजत होती. दोन्ही वायरी तुटलेल्या, तरी थांबायचं नाव नाही.

थोरला धावत आला, मागोमाग धाकटा. "फ्यूज कुणी लावला?"

"लावणार कोण? हा बघा... माझ्या खिशात आहे."

"मग हे याचेच उद्योग!"

"माझे? दादा, तोंड सांभाळ!"

बाप बोलावतोय आणि हे भांडतायत! मी खेकसलो, "अरे, आधी आत जा कुणीतरी! मेल्यावरही त्यांनी किती वेळ बोलवायचं?"

धाकट्याने मधल्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि बेल गप्प झाली. घाबरून तो बाहेर आला, की पुन्हा सुरू. मग थोरला गेला... गप्प. तासभर हेच चाललं. अखेर थोरला आईच्या पायाशी बसला आणि मान न उचलता म्हणाला, "खोली माझ्या मीटरवर घे."

संध्याकाळी तिथे दिवा लागला. ते बटण तेवढं भिंतीवरून काढायचं राहिलं होतं. पाहतो तर आत दाबलेलं. पेचकसाने उचकटून पाहिलं, हलेना.

"नको रे," आई हळूच म्हणाली. "तुझं बोट लागेल... त्यांच्या बोटाला."

मी हात मागे घेतला. सगळा राग आता माझा माझ्यावरच होता.

"बाबा, वायर मीच कापली होती," मी म्हणालो. "मला माफ करा..."

बटण हळूहळू वर आलं. क्षणभर थांबलं. मग पुन्हा आत गेलं, आणि अंगणात बेल एकदाच वाजली.

"म्हणजे... केलं का माफ?" मी आईला विचारलं.

तिने माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवलं.