तीन अक्षरांचा धनी

"जरा दम खाऊ द्या," एवढंच बोलून पाहुणीने खुर्ची गाठली. शोधकबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथली लिफ्ट नावापुरतीच.

भावोजींनी पाणी पुढे केलं. शोधकबाई त्यांच्या बायकोची थोरली बहीण. पूर्वी त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, आता माणसं तपासत. निवृत्त झाल्यापासून भावोजी त्यांच्या मदतीला येत, आणि आपल्याशिवाय बाईंचं पान हलत नाही असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

पाहुणी इस्पितळातली सिस्टर होती. "चोरी माझी झाली आणि चोरही मीच ठरले," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळात धूर झाला. सगळ्यांना जिन्याने खाली काढलं. तिथे दाखल असलेले तिचे सासरे मधल्या वळणावर धापा टाकत बसले. मागची गर्दी थांबली नाही. त्यातच ते गेले.

"असे जिने तपासायचे प्रोग्रॅम मी पाहिले. त्यांतली माणसं थकतच नाहीत हो. म्हणून ड्यूटी सांभाळून शिकले आणि स्वतः लिहिला. पडद्यावर जिना, जिन्यावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. प्रत्येकाचं वय वेगळं, ताकद वेगळी. त्यांना सोडायचं आणि गर्दी कशी वागते ते बघायचं. कुणालाही फुकट वापरता यावा म्हणून खुल्या सॉफ्टवेअरच्या मंडळींना द्यायला गेले, तर आठवड्यापूर्वीच तो तिथे हजर. 'जिनेवाला' या टोपणनावाने."

"तुमच्याकडे जुन्या फायली असतील ना?" भावोजींनी विचारलं.

"तारखा कुणीही बदलू शकतं, असं त्यांचा राखणदार, म्हणजे तिथे आलेलं काम तपासून ठेवून घेणारा, म्हणतो. आज चारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर दार बंद." तिने ग्लास खाली ठेवला. "पहिल्या ओळीत बाबांचं नाव होतं. ते पुसलंय त्याने. ते दिसलं आणि पुढचं वाचवलंच नाही."

तिच्या फायली तिघांकडेच गेल्या होत्या. धाकटा दीर, कसरतबाई, म्हणजे रुग्णांना व्यायाम शिकवणारी तिची मैत्रीण, आणि इस्पितळाच्या नव्या इमारतीचे नकाशेवाले.

सिस्टर ड्यूटीवर गेल्यावर भावोजींनी जिनेवाल्याने प्रोग्रॅमसोबत लिहिलेली माहिती मोठ्याने वाचली. "'कोडमधली डी, ए, एम ही तीन अक्षरं म्हणजे डॅम. गर्दी अडवणारा बांध.' छान समजावलंय."

बाई गालात हसल्या. "मुद्रितात असली चूक सापडली की मला चहा जास्त गोड लागायचा."

"कुठली चूक?"

"दम धरा, भावोजी."

दीर कावराबावरा झाला होता. "वहिनीचा कॉम्प्युटर मीच लावून दिला. पहिल्यांदा चालवला तेव्हा शेजारीच होतो. एक ठिपका लाल झाला आणि वळणावर बसला. वहिनी म्हणाली, हे बघ, हे बाबा. मग आम्ही जेवलो नाही त्या दिवशी."

कसरतबाईंनी सरळ सांगितलं, "कोणत्या वयाचा माणूस किती पायऱ्यांनी थकतो, ते आकडे माझे. ठिपके बसतात-उठतात ते नीट जमेपर्यंत तिने मला वीसदा दाखवलं."

नकाशेवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मेलवर काहीतरी आलं होतं खरं. उघडायलाही फुरसत झाली नाही."

"दिरावर माझा संशय आहे," बाहेर येताच भावोजी म्हणाले. "फारच गोगलगाय."

"आणि पोटात पाय? असू दे. राखणदाराला फोन लावा."

चार वाजता इस्पितळाच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. भिंतीवरच्या पडद्यावर राखणदार होता. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तो म्हणाला, "जिनेवाला यांनाच या कामाचं प्रमुख करावं असं आम्हाला वाटतं. पण त्यांनी समोर यायला हवं."

नकाशेवाल्यांनी घसा साफ केला. "आता लपवण्यात अर्थ नाही. सिस्टरांची कल्पना होती, लिहिलं मी."

सिस्टर उठत होती. बाईंनी तिचा हात धरून बसवलं.

"मग एक सांगा," बाई म्हणाल्या. "डी, ए, एम शून्य केलं तर काय होईल?"

"बांधच नाही म्हटल्यावर काय? वाट मोकळी. सगळे धावत बाहेर."

"भावोजी, शून्य करा."

भावोजींनी सिस्टरच्या कॉम्प्युटरवर आकडा बदलून कळ दाबली. जिन्यावरचे सगळे ठिपके लाल झाले आणि जागच्या जागी बसले. एकही हलेना.

"अक्षरं रोमन, पण विचार मराठी," बाई म्हणाल्या. "सिस्टरांनी लिहिलं ते डॅम नव्हे, दम. पायरीगणिक कमी होतो, वळणावर टेकलं की भरतो. दिराने आणि कसरतबाईंनी ठिपके बसताना पाहिलेत. त्यांनी 'बांध' असं लिहिणं शक्यच नाही. हे लिहिणाऱ्याने प्रोग्रॅम चालवलाच नव्हता, फक्त कोड उचलला होता. तिघांत असे तुम्ही एकटे. स्वतःचा म्हणून हा प्रोग्रॅम दाखवला की पुढची कामं चालून आली असती, नाही का?"

"मला वाटलं... तीन अक्षरं तर होती," नकाशेवाले पुटपुटले.

राखणदाराने सिस्टरची माफी मागितली. "पहिली ओळ परत लावतो. डी, ए, एमचा अर्थ काय लिहू?"

सिस्टर बसलेल्या ठिपक्यांकडे बघत होती. तिने डोळे पुसले.

"दम," ती म्हणाली. "आणि खाली एक नियमही घाला. तो माझ्याकडून राहून गेला होता. पुढच्याचा दम संपला, तर मागच्याने थांबायचं."