नळाजवळची रिकामी जागा

ओळखपत्रांचे फोटो कापून कापून ताईंचा अंगठा भरून आला होता. आता कात्री ठेवून जरा चहा घ्यावा असं मनात येतंय, तोच दुकानाचं दार वाजलं. दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. अंगात जाड कोट, काखेत पुस्तकांची पिशवी, आणि चेहऱ्यावर अवघडलेपण असं, की वाईट बातमी सांगायला आलेत हे न सांगताच कळावं.

ताईंनी त्यांना लगेच ओळखलं. स्मारक समितीने फोटोंची तपासणी करायला ज्या प्राध्यापकांना बोलावलं होतं, ते हेच.

"मी तुमच्या वडिलांना खोटं पाडायला आलेलो नाही," ते म्हणाले.

"मग कशाला आलात? पासपोर्टचा फोटो काढायला?"

ताईंची जीभ अशीच होती. गिऱ्हाइकं तिला सरावली होती. प्राध्यापक बिचारे कोटाची बटणं चाचपत राहिले.

पण ताईंच्या रागालाही कारण होतं. त्या पाळण्यात होत्या तेव्हाची गोष्ट. याच दुकानासमोरच्या चौकात, थकलेला पगार मागायला जमलेल्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या. मेलेल्यांना ट्रकमध्ये घालून कुठे नेलं, ते आजतागायत कोणाला कळलं नाही. मग चौक धुऊन काढला आणि भोंग्यावरून जाहीर केलं, की कोणीही मेलेलं नाही, लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. त्या माणसांचा जगात उरलेला एकुलता एक पुरावा म्हणजे ताईंच्या वडिलांनी काढलेले फोटो. ते स्मारकाच्या भिंतीवर होते. ज्यांना आपल्या माणसाची मूठभर मातीसुद्धा मिळाली नव्हती, ते तिथे येऊन काचेवरून हात फिरवायचे आणि डोळे पुसत परत जायचे. आणि आता हे गृहस्थ म्हणत होते, की ते फोटो बनाव रचून काढलेले आहेत. उद्या समितीची बैठक होती. प्राध्यापकांनी तिथे हेच सांगितलं, की फोटो भिंतीवरून उतरणार होते.

"सावली," प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले. त्यांनी पिशवीतून फोटोची प्रत काढून काउंटरवर ठेवली. "गोळीबार सकाळी झाला. सकाळी घड्याळाच्या मनोऱ्याची सावली तुमच्या दुकानाच्या बाजूला पडते. फोटोत ती पलीकडच्या नळाकडे पडलीय. म्हणजे संध्याकाळ. पण मृतदेह तर दुपारच्या आत उचलले होते. मग संध्याकाळी तिथे कोण पडलंय, ताई?"

सावलीची गोष्ट ताईंच्या कधी लक्षात आली नव्हती असंही नाही. रोज त्याच चौकात सावली बघत त्या म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या. आणि दुसरी एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. कोणी त्या फोटोंची स्तुती केली, की वडील उठून आत निघून जायचे. मरेपर्यंत त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"चला," ताईंनी दुकानाला कुलूप घातलं. "तो दिवस बघितलेला एकच माणूस आता उरलाय. त्याच्या तोंडून ऐका, म्हणजे तुमचंही समाधान होईल."

चौकाच्या पलीकडे शिंपीकाकांची खोली होती. काकांनी शिवणाचं काम कधीच सोडलं होतं, पण मशीनसमोर बसायची सवय सुटली नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "खरंय त्यांचं. आम्ही पडलो होतो."

ताई कापडाच्या गठ्ठ्यावर टेकल्या.

"तुझ्या बाबानं सकाळी फोटो काढले होते गं, जिवावर उदार होऊन. पण सैनिकांनी त्याला धरला, कॅमेरा उघडला आणि फिल्म उन्हात ओढून टाकली. सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संचारबंदी जरा सैल झाली, तर तो वेड्यासारखा चौकात फिरत होता. माझ्याकडे काहीच नाही, म्हणत होता. कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणत होता. तेव्हा कोणाची तरी आई पुढे आली आणि जिथे तिचा मुलगा पडला होता तिथे आडवी झाली. म्हणाली, काढ आता. मग आम्ही सगळेच झोपलो. ज्याचं माणूस जिथे पडलं, तिथे तो. मी माझ्या भावाच्या जागी."

प्राध्यापकांनी मान खाली घातली होती. खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता, आणि त्याबद्दल ताईंना ते पहिल्यांदाच बरे वाटले.

"म्हणजे ते तुम्ही आहात," प्राध्यापक म्हणाले. "फोटोतले."

"तेच तर सांगतोय." काकांचा आवाज एकदम खाली आला. "पडलो आम्ही. पण फोटोत आम्ही नाही… बाबानं फोटो धुतला तर त्यात तेच होते. आमच्या जागेवर, ते. माझा भाऊ होता. इथे, भुवईवर, लहानपणी खोक पडलेली, ती तशीच."

"काका, शोकात माणसाला…" प्राध्यापक म्हणू लागले.

"थांबा हो. ताई, माझ्या कार्डाचे फोटो तूच काढतेस ना? भुवईवर काय दिसतं तुला?"

ताई उठून काकांच्या जवळ गेल्या. काकांच्या फोटोत भुवईवर दर वेळी एक आडवी रेघ यायची. फिल्मवरचा ओरखडा समजून ताई बारीक कुंचल्याने ती बुजवायच्या. तीस वर्षं त्यांनी ती रेघ बुजवली होती. त्यांच्या आधी वडील बुजवायचे, काही न बोलता. आणि आत्ता, खिडकीच्या उजेडात, काकांची भुवई अगदी साफ होती.

"त्या दिवसापासून माझा फोटो काढला की तोच येतो," काका म्हणाले. "त्याच्याही आधी झालेल्या माझ्या लग्नाच्या फोटोतही आता तोच उभा आहे. आमचे चेहरे सारखे, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. फोटोत तो माझ्याबरोबर म्हातारा झाला. मला त्याचं वाईट वाटत नाही. बिचाऱ्याला जगायला तेवढीच जागा मिळाली…"

प्राध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते म्हणाले, "ताई, वडिलांचा तो कॅमेरा अजून चालतो?"

"चालतो."

"संध्याकाळ होतेच आहे. सावली तिथेच पडेल. मी आडवा होतो, तुम्ही फोटो काढा. माझाच फोटो आला, तर मला जे पटतंय ते मी उद्या सांगेन. दुसरं काही आलं, तर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

चौकात या वेळी फारशी वर्दळ नसायची. मनोऱ्याची सावली लांबत लांबत नळापर्यंत गेली होती, फोटोत होती तशीच. प्राध्यापकांनी हातातल्या प्रतीकडे पाहिलं आणि नळाजवळची एक मोकळी फरशी निवडली. फोटोत तिथे कोणी नव्हतं, म्हणजे कोणाची नक्कल केली असं म्हणायला नको.

काका काठी टेकत मागोमाग आले होते. ती जागा बघून ते जागीच थबकले.

"तिथे नको."

"का?"

"तिथे एक पोर पडली होती. पाणी भरायला आलेली. मोर्च्याशी तिचा काही संबंधसुद्धा नव्हता… तिच्या मागे कोणीच नव्हतं, म्हणून तिच्या जागी कोणी झोपलं नाही. ती फोटोत नाही. माझी जागा घ्या तुम्ही, पण ती नको."

प्राध्यापक थोडं हसले. पण ते हसू वाईट नव्हतं. "मग तर तिच्याच जागी झोपायला हवं कोणीतरी," ते म्हणाले, आणि कोटासकट फरशीवर आडवे झाले.

खरं सांगायचं तर ताईंनी तेव्हा त्यांना उठवायला हवं होतं. काकांची भुवई त्यांनी पाहिली होती, असं झोपलेल्याचं पुढे काय होतं ते त्यांना कळलं होतं. पण उद्याची बैठक, भिंतीवरून उतरणारे फोटो, बापाला खोटारडा म्हणणारी तोंडं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आतून तरी तिथे प्राध्यापकच दिसत होते. ताईंनी बटण दाबलं. नळ बंद होता, तरी कुठेतरी पाणी भांड्यात पडल्यासारखा आवाज झाला आणि थांबला.

दुकानामागची अंधारखोली लहान होती. लाल दिवा, औषधांचे ट्रे, आणि नाकात घुसणारा तो आंबट वास. ताईंना त्या वासात नेहमी घरी आल्यासारखं वाटायचं. आज मात्र त्यात ओल्या दगडाचा वास मिसळला होता, नुकत्याच धुतलेल्या रस्त्याला येतो तसा. ताईंनी फिल्म धुऊन वाळवली, प्राध्यापक मागे उभे होते. निगेटिव्हमध्ये खांद्यावरून खाली गेलेल्या दोन फिकट रेघा दिसल्या. कोटाच्या शिवणी असतील, अशी ताईंनी मनाची समजूत घातली.

त्यांनी कागदावर उजेड पाडला आणि तो ट्रेमध्ये सरकवला. औषध हलत होतं. आधी मनोऱ्याची सावली उमटली, मग फरशा, मग नळ.

"येतोय?" मागून प्राध्यापकांनी विचारलं.

ताईंनी ट्रे जरा हलवला.

कागदावर एक मुलगी होती. अकरा-बारा वर्षांची असेल. दोन वेण्या, एका पायात चप्पल, कुशीवर वळून गाढ झोपल्यासारखी. तिच्या हाताशी उलटं पडलेलं भांडं होतं आणि त्यातून वाहिलेलं पाणी फरशीच्या फटींतून दूरवर गेलं होतं.

प्राध्यापक वाकून बघत राहिले. त्यांचा श्वास ताईंच्या खांद्याला लागत होता. मग ते स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ताईंनाही हुंदका आवरला नाही. इतक्या वर्षांत त्या पोरीसाठी रडणारं कोणी नव्हतं, म्हणून की काय, दोघांनी मिळून सगळं भरून काढलं.

"फोटो उतरणार नाहीत," ते शेवटी म्हणाले. "फोटोत जे आहेत ते मेलेलेच आहेत, मी तपासलंय, एवढंच मी उद्या सांगेन. कसं, ते विचारलं तर म्हणेन, मला सांगता येत नाही."

ताईंनी त्यांचे हात हातात घेतले. ज्यासाठी आयुष्यभर जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं, पण त्यांना त्या माणसाच्या नजरेला नजर देववेना.

दोघं बाहेर दुकानात आले, तेव्हा प्राध्यापकांचा फोन वाजला. त्यांची मुलगी होती. नुकती शाळेत जायला लागलेली असावी, आवाजावरून तसं वाटलं. दुकान इतकं शांत होतं, की तिचा शब्द न् शब्द ताईंना ऐकू येत होता.

"बाबा, आज फोटो नाही पाठवलास. गावाला गेलास की रोज पाठवतोस."

प्राध्यापकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंचा हात त्यांना अडवायला पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला. प्राध्यापकांनी फोन समोर धरला, दिव्याखाली उभे राहून फोटो काढला आणि स्क्रीनकडे न बघताच पाठवून दिला.

पलीकडे फोटो पोचला. मग मुलगी खुदकन हसली.

"अरे, हा तर ताईचा आहे!"

"कोणत्या ताईचा, बाळा?"

"असं काय रे बाबा! आपल्या घरच्या भिंतीवर नाही का… मला कडेवर घेऊन उभी आहे ती. आईच्या शेजारी. वेण्यावाली."

भिंतीवरच्या त्या फोटोत मुलीला कडेवर घेऊन आधी कोण उभं होतं, ते ताईंना विचारायची गरज पडली नाही. प्राध्यापकांचा चेहराच सांगत होता. ते काउंटरला धरून उभे राहिले. त्यांनी दोनदा ओठ ओले केले आणि तिसऱ्यांदा त्यांना बोलता आलं, ते अगदी मायेने.

"तिला घाबरायचं नाही हं. चांगली आहे ती. तिला कोणी नव्हतं ना, म्हणून…"

"माहितीये मला," मुलगी म्हणाली. "आत्ताच सांगितलं तिनं."