आवाज न करणारी ड्राइव्ह

वहिनींना विचारूनच लिहितोय. पटलं तर ठीक, नाही पटलं तरी माझी तक्रार नाही. पण हे आमच्याच घरात घडलं, आणि भर दुपारी.

वहिनी घरूनच काम करतात. कंपनीकडून आलेले कॉम्प्युटरचे भाग रोजच्या कामात कसे चालतात, ते तपासतात. त्या वेळी एक हायब्रिड ड्राइव्ह आली होती. म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती साठवायची डबी, आत दोन भाग. एक फिरणारी तबकडी, हळू आणि घरघर करणारी. दुसरा छोटासा, झटपट आणि अगदी मुका. तुम्ही रोज जे उघडता ते ही ड्राइव्ह ध्यानात ठेवते आणि त्या मुक्या भागात नेऊन ठेवते; बाकीचं तबकडीवरच राहतं.

तपासणीसाठी वहिनींनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं तिच्यावर घेतलं आणि तीच रोज वापरायला लागल्या.

दादा ऑफिसला गेला होता. मी सुट्टीवर, सोफ्यावर लोळत होतो.

"भाऊजी, जरा इकडे या. आवाज ऐका."

मी गेलो. "कसला आवाज?"

"तेच तर. आवाज येत नाहीये."

त्यांना या ड्राइव्हवर कधीच न उघडलेला एखादा प्रोग्रॅम हवा होता, तुलनेसाठी. म्हणून त्यांनी आत्याचा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम निवडला होता.

आमच्या आत्याला दिसायचं नाही. ती टाइप करायची आणि तो प्रोग्रॅम एकेक अक्षर बोलून दाखवायचा. ती गेल्यापासून त्याला कोणीच हात लावला नव्हता.

तबकडी घरघरायला हवी होती.

प्रोग्रॅम क्षणात उघडला होता...

एकदम गुपचूप.

"तुम्ही हा रोज उघडता का?" वहिनींनी विचारलं.

"मला तो चालवताही येत नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने स्क्रीनच बंद केला.

आणि स्पीकर बोलला...

"क... ओ... ण... कोण."

कीबोर्डवर कोणाचाच हात नव्हता.

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघांनी श्वास रोखला.

"क... ओ... ण... कोण."



अचानक वहिनींनी डोळे मिटले. मान जराशी मागे गेली. नंतर त्यांनी सांगितलं, कपाळावरून हनुवटीपर्यंत कोरडी बोटं फिरली. सावकाश. आत्या माणसं अशीच ओळखायची.

"मी आहे, आत्याबाई," वहिनी कशाबशा पुटपुटल्या.



मग...

"आ... ण... इ... आणि."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच सांगत होत्या, बोला.  मी तसाच मागच्या मागे सरकलो, दाराला धडकलो आणि थेट रस्त्यावर जाऊन थांबलो. अनवाणी.

ड्राइव्ह परत गेली. वहिनींनी शेरा दिला, रोजच्या वापराला चांगली आहे. दुसरं काय लिहिणार?

त्या अजूनही त्याच खोलीत बसून काम करतात. त्यानंतर त्यांना एकदाही काही जाणवलं नाही. दादा मला हसतो. म्हणतो, "जाऊन नाव सांगून टाक ना एकदाचं."

मी दोनदा दारापर्यंत गेलो. तोंड उघडलं.

पण आत कोणीतरी हळूच श्वास रोखल्यासारखं वाटलं...

वहिनींनी उत्तर दिलंय.

माझं अजून बाकी आहे.