राक्षसाच्या पाठीची चेन

नार्व्याच्या देवळाबाहेर अश्विनी लेकीचे चिकट हात पुसायला वाकली... आणि वर बघते तो काय! काजूच्या झाडांआडून एक हिरवा, शिंगांचा राक्षस थेट तिच्याकडेच येत होता.

चार वर्षांच्या गौरवीला तिनं झटकन कडेवर घेतलं. राक्षस थबकला, अजिजीनं म्हणाला,

"बाय, भिऊ नका... पाठीची चेन अडकलीय. जरा ओढता?"

तिनं ओढली. का ओढली, सप्तकोटेश्वरालाच ठाऊक! आतून घामानं निथळणारा एक उंच तरुण निघाला.

"मी सिद्धेश, पेडण्याचा. आमच्या सिनेमाचं शूटिंग चाललंय."

"लहान पोरं फिरतात इथं! घाबरली म्हणजे?"

"पोर कुठं घाबरलीय? घाबरलंय दुसरंच कोणी..."

खरंच, गौरवी वाकून शिंग कुरवाळत होती. अश्विनीला राग यायला हवा होता. आलं ते हसू.

पेडण्यात त्याचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. उरल्या फोमचे, रेक्झिनचे राक्षस व्हायचे. त्याला वेड जपानी राक्षसपटांचं. गौरवीलाही ते लागलं, आणि साखळीहून पेडण्याच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. "लेकीसाठी हो," असं अश्विनी स्वतःलाच बजावायची.

"काय बघायचं यात?" एकदा ती म्हणाली. "विमानाची दोरीसुद्धा दिसते!"

"दिसते, म्हणूनच तर! कोणीतरी जीव ओतून पुठ्ठ्याचं शहर बांधतं, खिडक्याखिडक्यांतून दिवे लावतं. मग उकाड्यात कातडं पांघरून एक माणूस ते तुडवायला येतो. सगळं खोटं, ठाऊक असतं... तरी त्यानं पाय उचलला, की धडधडतं ना?"

"मुळीच नाही."

"मग माझी बाही सोड."

तिनं दचकून मूठ उघडली. आणि त्यानं हळूच, पडद्यावरची नजर न हलवता, विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

ती हादरलीच. "नवऱ्याशी काडीमोड घेऊन आलेली मी, सोबत मूल... तुझ्या आईला काय वाटेल?"

"विचारू?"

"खबरदार!"

आई म्हणजे सत्यवतीबाई. मशीनवर बसून चष्म्यावरून बघायच्या, बोलायच्या मोजकंच. पुढच्या रविवारी तर त्यांनी टेप काढली आणि गौरवीला चक्क डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. परक्याची पोर केवढी मोठी आहे, तेच बघत असणार या! आता आणखी काय ऐकायचं राहिलं?

मग एका रविवारी ती निरोप घ्यायला म्हणूनच आली. गौरवी दुकानात फोमच्या ढिगावर लोळत राहिली. मागच्या अंगणात पुठ्ठ्याच्या म्हापशाचा बाजार मांडलेला, आणि मधोमध हिरवा राक्षस एकटाच उभा.

"थांब, डोकं काढू नकोस," ती घाईनं म्हणाली. "बोलूही नकोस. चेहरा दिसला तर मला सांगवणार नाही..."

राक्षसानं मान डोलावली.

"मी आता येणार नाही. तू आवडत नाहीस म्हणून नाही... फार आवडतोस. रविवारची वाट बघते रे मी वेड्यासारखी. पण तुझ्या आईच्या डोळ्यांत माझी लेक नकोशी दिसली, तर मला सोसणार नाही. माझं काहीही होवो... बापानं तिला नको म्हटलं, तसं पुन्हा कुणी म्हणायला नको."

"अश्विनी? कधी आलीस?"

आवाज मागून आला. ती गर्रकन वळली. दारात सिद्धेश उभा, हातात कॅमेरा!

मग हा... हा कोण?

राक्षसानं सावकाश पाठ तिच्याकडे केली.

"चेन ओढ गो बाय. माजो जीव शिजान गेलो."

तिनं चेन ओढली. आत सत्यवतीबाई! चष्म्यावर वाफ, पदर कमरेला खोचलेला.

"याचा पाय मुरगळला, म्हणून मी शिरले," घाम पुसत त्या म्हणाल्या. "याची उंची माझ्यावरच गेलीय, मापाचं बसलं हे. आणि माका सगळा ऐकू इला हां."

अश्विनीला भूमी दुभंगावी असं झालं. सिद्धेश लंगडत पुढं आला. "आई, काय ऐकलंस?"

"तू आवडतोस म्हणाली. डोळे फुटले असतील तिचे."

"आणि... तू काय म्हणालीस?"

"मला बोलू कुठं दिलंन!"

त्या दुकानात गेल्या आणि कपाटातून काहीतरी घेऊन आल्या. छोटंसं हिरवं कातडं. इवलीशी शिंगं, पाठीला चेन. मागून गौरवी टाळ्या पिटत धावत आली.

अश्विनीनं चष्म्यामागच्या त्या डोळ्यांत पाहिलं... मग सिद्धेशकडे. त्याचा हात तिनं आपणहून धरला, पहिल्यांदाच.

सत्यवतीबाई गुडघ्यांवर बसून पोरीला चेन लावत होत्या.

"शेपूट जरा लांब ठेवलीय," त्या म्हणाल्या. "वाढतं पोर. पुढच्या वर्षीही व्हायला हवं ना."