सालीवरचा पक्षी

दादाने परस्पर मासिकाच्या संपादकांना फोन करून सांगितलं, की माझ्या फोटोत पक्षी नाहीच, नुसती झाडाची साल आहे. फोटो छापायचा राहिला. मला हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं, आणि अंगाची लाही लाही झाली.

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी पाहते. नसलेलं दिसणं माझ्या स्वभावात नाही. तो पक्षी चिमणीहून लहान, सालीच्याच रंगाचा. चाहूल लागली की खोडाला चिकटून गोठतो. त्याच्यासाठी सात रविवार मी रानातल्या एका झाडासमोर गुडघे मोडून घेतले होते. पण दादाचा फोटो स्टुडिओ आहे. त्याचा शब्द चालतो.

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि त्यांना पुन्हा फोन कर."

"एवढं काय मनाला लावून घेतेस गं?" तो हसला, पण आला.

सकाळचे दहा वाजले होते. रानात ऊन तिरपं उतरलं होतं, कुजक्या पानांचा वास येत होता. पक्षी होता. खोडावर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. मी कॅमेरा तिपाईवर चढवला आणि बोट दाखवलं.

"कुठाय?"

"तुटक्या फांदीच्या खाली. श्वास घेतोय बघ."

"साल आहे ती. डोळे तपासून घे एकदा."

तो तरातरा झाडाकडे गेला. पायाखाली पानं चुरली, तरी पक्षी उडाला नाही. दादाने नेमका त्याच्यावरच तळहात दाबला. "हे बघ. साल!"

मी लेन्समधून पाहिलं. पक्षी नव्हता. दादाही नव्हता.

मान वर केली. दादा झाडाला हात लावून उभा होता. पुन्हा डोळा लावला. नुसतं खोड. दादाचं कोपर असायला हवं तिथून एक मुंगी सरळ वर चढत गेली.

मी लेन्स काढली, पुसली, परत बसवली. "दादा, हात काढ."

मी पुन्हा मान वर केली. या वेळी नुसत्या डोळ्यांनीही त्याला शोधावं लागलं.

"झालं समाधान?" अखेर तो वळून म्हणाला. "मी फोनबिन करणार नाही."

परतताना गाडी मी चालवली. पेट्रोल भरणाऱ्याने काच पुसता पुसता विचारलं, "एकट्याच निघालात?" दादा माझ्या शेजारीच बसला होता. तो हसायला गेला आणि मध्येच थांबला.

घरी पोचल्यावर तो स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला. तेवढ्यात वहिनी बाजारातून आली.

"तू एकटीच? हे कुठे राहिले?"

"अगं, हा काय मी," दादा म्हणाला.

वहिनी माझ्याकडेच पाहत होती.

"सांग ना तिला," दादा मला म्हणाला. आता तो हसत नव्हता.

एक वाक्य पुरलं असतं. पण माझा राग अजून उतरला नव्हता.

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

वहिनीने जड पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. ती खुर्चीच्या लाकडावर टेकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.